पांढरा कोळसा

उगाळावा तितका काळा, म्हणे, कोळसा.
आमचा उगाळून बघा.
बोटाला डाग लागत नाही.
एकावर एक आपटला
तर पितळी वाटीसारखा वाजतो,
आणि रंग म्हणाल
तर राखेत निजून उठलेल्या मांजराचा.

झाड मात्र दिसायला काही नाही.
उबामे. नावसुद्धा पुटपुटल्यासारखं.
किइच्या कड्यांवर, जिथे माती संपते
आणि दगड नि खारं वारं तेवढं उरतं,
तिथे पाठ वाकवून उभं असतं.
पान अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं मोठं,
जाड, चिवट.
हिवाळ्यात वरचा डोंगर ओकाबोका होतो
तेव्हाही हा ओक हिरवा.
कौतुक करावं असं हिरवं नाही,
धुऊन धुऊन विटलेल्या सुती कापडाचं.
बोंड धरतं ते पिकतं पुढच्या शरदात.
वर्षाला किती जाड होतं, विचारलं
की वडील करंगळीचं नख दाखवायचे,
तेही अर्धं.

लहानपणी या लाकडाची मी होडी केली.
ओढ्यात सोडली, ती सरळ तळाला गेली.
मी रडले.
सेइहाची, माझे वडील, हसत म्हणाले,
"बुडतं ना? मग तेच आपलं."

वाकड्या फांदीला खाच पाडायची,
खाचेत पाचर ठोकायची, सरळ होईतो.
मग भट्टीत उभ्या फांद्या, दाटीवाटीने,
तोंड दगडमातीने लिंपायचं
आणि नाकाने वाट बघायची.
आधी आंबूस, डोळ्यांत झोंबणारा पांढरा धूर.
(त्याचं गळणारं तपकिरी पाणी
बागवाला कुमागाई नेतो,
किडीवर फवारायला.)
मग काही दिवसांनी निळसर.
मग धूर आहे की नाही, कळेनासं होतं.
तेव्हा झोपायचं नाही.
तोंडाला बोटभर भोक,
तासाने दोन बोटं,
हवा आत घ्यायची, भीत भीत, रात्रभर.
पहाटे लांब आकड्याने ओढलं
की जे बाहेर येतं
ते लाकूड नसतं, कोळसाही नसतो अजून,
नारिंगी, पिवळं, जवळजवळ आरपार.
त्यावर ओली राख-माती लोटायची
चेहरा वळवून.
माझ्या उजव्या भुवईला केस नाहीत.

ओसाकात यावर ईल मासे भाजतात.
ज्वाळ नाही, धूर नाही.
गिऱ्हाईक माशाला वाखाणतं.

वडिलांचा नियम एकच:
मनगटाएवढं तोडायचं, अंगठ्याएवढं सोडायचं.
सोडलेलं आपलं नसतं.
तीस वर्षं मी हे पोरासोरांना ऐकवत आले,
कोइतो नावाच्या नव्या मुलाला तर
दिवसातून दोनदा.

गेल्या शरदात
झाडं पोखरणाऱ्या किड्याचा भुसा शोधत
मी ओढ्यापलीकडे गेले,
उत्तरेच्या उतारावर.
तिकडे वडील कधी नेत नसत.
"तिथे काही नाही," म्हणायचे.

तिथे खोडं होती. तेवीस.
सगळी एकाच उंचीवर, सपाट तोडलेली.
जाड बारीक काही बघितलेलं नाही.
शेवाळ खरवडलं
तर घाव उलट्या बाजूने उतरते:
डावखुऱ्या माणसाचे.
एका फुटव्याला करवत लावली, कडी मोजली,
दोनदा मोजली.
एकेचाळीस.

तो तानाबेच्या दवाखान्याचा हिवाळा.
आई खाटेवर, मी मावशीकडे,
आणि पैसे कुठून आले
हे घरात कुणी बोललं नाही.
आई वाचली.
पुढे सहा वर्षं
दर जूनला लोणचं घालत राहिली,
आम्हाला नको होईल इतकं आंबट.

चौदा खोडांना फुटवे होते,
मनगटाएवढे, त्याहूनही जाड.
नऊ मेलेली.
नऊ आणि सहा.
हिशेब मांडला नाही.

त्या नऊंपैकी एकावर बसून
मी डबा उघडला.
भात गार झाला होता.
खालून समुद्राचं वारं आलं,
पानं हलली, जाड पानं,
फारसा आवाज न करता.
मग उठले आणि कोइतोला हाक मारली:
करवत आण.
अंगठ्याएवढ्याला हात लावू नकोस.